आरोप नाहीत, मग पाटल्या कुठे गेल्या?

संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात एक ठरलेलं वाक्य असतं: ‘उभयतांचे एकमेकांविरुद्ध कोणतेही आरोप नाहीत.’ वकील म्हणून ते मी अनेकदा टाइप करून घेतलंय. पुढे बहुधा येतं, ‘अर्जदार क्रमांक 2 पोटगीचा हक्क कायमचा सोडून देत आहे.’ क्रमांक 2 म्हणजे बायको, हे सांगायला नको.

एडवणची एक मुलगी आईला घेऊन आली होती. नवरा बोईसरला एमआयडीसीत कामाला. लग्नात घातलेल्या पाटल्या त्याने गहाण टाकल्या, त्या सुटल्याच नाहीत. सासरचा निरोप स्पष्ट होता: पाटल्यांचं नाव काढलं नाही तर सही मिळेल. आई म्हणाली, ‘बाय, जाऊ दे ते सोनं, तू मोकळी हो.’ मुलगी गहाणाची चुरगळलेली पावती टेबलावर सरळ करत बसली होती. पावतीवर नाव नवऱ्याचं.

हिंदू विवाह कायद्यात संमतीचा घटस्फोट 1976 मध्ये आला, आणि तो हवाच होता. रीतसर खटल्यात वर्षानुवर्षं एकमेकांची लक्तरं टांगण्यापेक्षा हे बरं. पण दोष अर्जातून गेला म्हणून व्यवहारातून जात नाही. ज्याला सुटायची घाई, तो किंमत मोजतो. आणि मार खाल्लेल्या माणसालाच घाई जास्त असते.

कायमची पोटगी ठरवताना कोर्टाने दोघांची मिळकत आणि वर्तन पाहावं, असं याच कायद्याचं कलम 25 म्हणतं. प्रत्यक्षात बाईचं वर्तन म्हणजे तिच्या मोबाइलमधले मेसेज, आणि पुरुषाने सोनं विकलं तर ती त्याची ‘अडचण’! माझं म्हणणं उलट आहे. पोटगीच्या हिशेबात कोण कुणाशी बोलत होतं याला फारसं स्थान नको. कुणी कुणाचं सोनं, पगार, नोकरी बुडवली याला हवं. मारहाणीने काम सुटलं असेल तर तेही त्यात धरावं.

नातं सावरण्यापलीकडे मोडलं असेल तर आपण स्वतः घटस्फोट देऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1 मे 2023 रोजी सांगितलं. खालच्या कोर्टांना तो अधिकार नाही. हे कारण कायद्यात आणणारं विधेयक राज्यसभेने 2013 मध्ये मंजूर केलं, पण 2014 मध्ये लोकसभेबरोबर ते बारगळलं. पुन्हा येईल तेव्हा पैशाच्या नुकसानीचा हिशेब त्यात स्पष्ट लिहिलेला असावा.

तोवर मुलींच्या आईवडिलांना एवढंच सांगणं: सहीआधी दागिन्यांची यादी अर्जाला जोडा. स्त्रीधन बायकोचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच स्पष्ट केलंय. आईने पोटगी सोडली म्हणून मुलांची सुटत नाही. आणि पहिल्या सहीने सगळं संपत नाही. घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते.