शॅडो टीचर आणा, नाहीतर दाखला न्या

प्रति,
विश्वस्त मंडळ व मुख्याध्यापिका मॅडम,

(शाळेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. आपण वाचाल तेव्हा ओळखालच.)

सप्रेम नमस्कार आणि विनंती विशेष या दोन्ही गोष्टी मागच्या अर्जांमध्ये करून झाल्या आहेत. त्या अर्जांच्या पोचपावत्या आपल्या गोल शिक्क्यासह आमच्याकडे आहेत. उत्तरं नाहीत. म्हणून थेट विचारतो: पहिली-दुसरीतल्या आमच्या मुलांना स्वमग्नता आहे हे शाळेत कोणी ठरवलं, आणि कोणत्या अधिकारात?

आपल्या काउन्सेलर मॅडमनी वर्गात मागच्या बाकावर बसून एक तास पाहिला, एक इंग्रजी फॉर्म भरला आणि खाली ‘ऑटिस्टिक ट्रेट्स’ असं लिहून मोकळ्या झाल्या. कारणं काय? मुलगा नजरेला नजर देत नाही. हाक मारली तर वळत नाही. बँडचा सराव सुरू झाला की कान झाकतो. इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देत नाही. हे शेवटचं कारण वाचून आम्ही गप्प झालो. घरी दिवसभर मराठीत तोंड चालू असलेलं सहा वर्षांचं पोर अनोळखी बाईंसमोर इंग्रजीत गप्प बसलं, तर तो आजार?

काउन्सेलर मॅडमना ठाऊक असेलच, तरी आपल्यासाठी लिहितो. स्वमग्नतेच्या निदानासाठी जगभर वापरले जाणारे डीएसएम-5 चे निकष 2013 पासून आहेत. त्यांनुसार संवादातली अडचण एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागते आणि तिची सुरुवात लहानपणीच झालेली असावी लागते. मूल घरी, आजीकडे, सोसायटीच्या बागेत कसं वागतं, हे आम्हाला एकदाही विचारलं गेलं नाही. आपल्या देशाची स्वतःची मोजपट्टी आहे, आयसाआ नावाची. तिच्यात 40 मुद्दे आहेत, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 च्या खाली असेल तर स्वमग्नता नाही. आपल्या फॉर्मवर बेरीजच नाही, बरोबरच्या खुणा आहेत. आणि निदान करण्याआधी डॉक्टरांनी मुलाची ऐकण्याची तपासणी करून घ्यायची असते. आमच्यातल्या एका पालकांनी ती स्वतःच करून घेतली. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. उपचार झाले, आता हाक मारली की पोरगा वळतो. आपल्या फाइलमधले ‘ट्रेट्स’ मात्र अजून तसेच आहेत.

यावर आपण पालकसभेत म्हणालात, पालक डिनायलमध्ये आहेत. काही असतातही. ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ हे वाक्य आमच्या घरांत ऐकू येतं, नाही कशाला म्हणू? पण आमच्यातल्याच एका मुलीचं निदान नीट झालंय. सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र आहे, त्यावर दिव्यांगतेचा 40 टक्क्यांहून जास्त आकडा आहे. तिच्या आई-वडिलांनी ते लपवलं नाही, आपल्या टेबलावर आणून ठेवलं. तर आपण त्यांना काय सांगितलंत? कानात पाणी असलेल्या मुलाच्या आईला जे सांगितलंत, शब्दशः तेच. शॅडो टीचर आणा, नाहीतर दाखला न्या. (शॅडो टीचर म्हणजे वर्गात फक्त त्या एका मुलासोबत बसणारी, पालकांनी पगार द्यायची शिक्षिका.)

मग एवढा खटाटोप कशासाठी करता, मॅडम? स्वमग्नता असली तरी दार तेच, नसली तरी तेच.

आता आकड्यांकडे येऊ, कारण तिथेच सगळं अडलंय. शाळेची फी वर्षाला 1,15,000. शॅडो टीचर, तीही आपण दिलेल्या यादीतलीच, महिन्याला 20,000. दहा महिन्यांचे 2,00,000. थेरपीचं एक सत्र 800 रुपये, आठवड्याला तीन, म्हणजे महिन्याला साडेनऊ हजारांच्या पुढे. मूल आपल्या वर्गात, पटावर आपल्या, फी आपल्याला, आणि शिकवण्याचा खर्च फीच्या जवळजवळ पावणेदोन पट, तोही आम्हीच करायचा. शाळेच्या माहितीपुस्तिकेत दुसऱ्याच पानावर ‘सर्वसमावेशक शिक्षण’ असं छापलंय. छपाई सुरेख आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्यात 21 प्रकारच्या दिव्यांगता आहेत, स्वमग्नता त्यातली एक. कलम 16 प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता घ्यायचं असतं आणि त्याला लागेल ती सोय शाळेने करायची असते. ‘शाळेने’ हा शब्द कृपया पुन्हा वाचावा. 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी अशा 10 मुलांमागे 1 विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. आपल्याकडे अशा शिक्षकांची संख्या शून्य आहे, आणि फिल्टर कॉफीचं मशीन स्टाफरूममध्ये नवं आलंय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे आपल्या कार्यालयाला नक्की माहीत असणार. कारण दाखल्यासाठीचा अर्ज आमच्या हातात आला, तेव्हा त्यावर ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे आधीच टाइप केलेलं होतं. फक्त सही आमची हवी होती.

दिव्यांग कायदा मोडल्याचा पहिला दंड 10,000 रुपयांपर्यंत आहे, म्हणजे शॅडो टीचरच्या अर्ध्या पगाराइतका. विश्वस्तांनी हा हिशेब केला असेल, तर पुढचा आकडाही पाहावा: त्यानंतरच्या प्रत्येक वेळी 50,000 ते 5 लाख.

या सगळ्याचा एक परिणाम आपल्यापर्यंत पोचत नाही. आमच्यातली एक आई मुलाला स्पीच थेरपीला नेते आणि वर्गाच्या बाईंनी विचारलं तर अबॅकसचा क्लास म्हणून सांगते. दुसरे एक पालक, ज्यांना स्वतःलाच शंका आहे, डॉक्टरकडे जात नाहीत. कागद झाला तर तो शाळेपर्यंत पोचेल, ही भीती. लवकर मदत मिळाली तर फायदा होतो, असं आपणच कार्यशाळेत स्लाइड लावून सांगता, आणि ती मदत घ्यायला घाबरावं अशी व्यवस्थाही आपणच करून ठेवता. पालक निदान का नाकारतात, यावर पुढची कार्यशाळा घ्यायची असेल तर वक्ता बाहेरून बोलवायची गरज नाही.

आमच्या मागण्या अशा: काउन्सेलरचे ते फॉर्म आमच्या मुलांच्या फाइलमधून काढावेत आणि काढल्याचं लेखी द्यावं. ज्या मुलीचं प्रमाणपत्र आपल्याकडे आहे, तिच्यासाठी विशेष शिक्षक शाळेच्या खर्चाने नेमावा. तिच्या आई-वडिलांनी आजवर भरलेला शॅडो टीचरचा पगार परत द्यावा. कोणाबद्दल शंका आली तर पालकांना बोलावून, मराठीत, डॉक्टरकडे जा एवढंच सांगावं. आणि तो छापील अर्ज फाडावा.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत लेखी उत्तर हवं. ‘वरून निर्णय झालाय’ हे ऐकायला आता कोणी केबिनमध्ये येणार नाही. उत्तर आलं नाही तर हीच फाइल, आपल्या शिक्क्यांसकट, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाईल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, शाळेपासून रिक्षाने जाता येतं.

आपले,
पहिली-दुसरीतल्या काही मुलांचे पालक, पुणे