पोरीचा दाखला कशाला काढता?

साली ही व्यवस्था किती सभ्य भाषेत बोलते बघा.

नववीतली पोर. आपल्या वस्तीतली. बाप नाक्यावरचा बिगारी, आई चार घरची धुणीभांडी करते. वर्गातल्याच दोन पोरांनी तिचा स्नेहसंमेलनातला फोटो उचलला. मोबाइलवरच्या कसल्याशा ॲपनं तिचा चेहरा दुसऱ्याच उघड्या शरीराला चिकटवला आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडून दिला. खाली जातीवरून एक ओळ. ती ओळ आम्ही इथं छापत नाही. तुम्ही ती लहानपणापासून ऐकत आलाय. बाप मजुरी बुडवून शाळेत गेला. मुख्याध्यापकांनी बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि म्हणाले, "गवगवा करू नका. मुलीचंच नाव खराब होईल. शाळेचंही. त्यापेक्षा दाखला घेऊन जा."

दाखला कुणाचा? ज्यांनी केलं त्यांचा नाही. जिच्यावर केलं तिचा!

मित्रांनो, इथल्या शाळांची 'सुरक्षा' ही अशी आहे. ती पोरांची नसते, शाळेच्या नावाची असते. आणि आपली पोरगी बाहेर काढली की शाळा सुरक्षित होते.

हा डाव जुना आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा सावित्रीबाईंवर रस्त्यात शेण आणि दगड फेकले गेले. त्याही वेळी घरी बसणं सुरक्षितच होतं. त्या शाळेत जाऊन लुगडं बदलायच्या. त्यांनी लुगडं बदललं, रस्ता बदलला नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचं पोर घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलंच राहायचं. गोणपाट गेलं म्हणता? ते आता त्या ग्रुपवरच्या एका ओळीत आलंय.

जुन्या गोष्टी सोडा. २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, खर्ड्याला, सतरा वर्षांच्या आपल्या पोराला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून शाळेतून मारत नेलं आणि संपवलं. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फिरले. फिरलेल्यांत शाळेतले लोकही होते. ज्या मास्तरनं पोराची हजेरी घ्यायची, त्यानंच कोर्टात म्हणायचं, मी काही पाहिलं नाही!

मग बदलापूर. ऑगस्ट २०२४. चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाला. आईबापांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल बंद पडल्या, तेव्हा कुठं सरकारला जाग आली. मग शाळाशाळांत कॅमेऱ्यांचे आदेश निघाले. कॅमेरा बसवा, आमची ना नाही. पण बदलापुरात नेमकं हवं ते चित्रणच मिळालं नाही. कॅमेरा भिंतीवर असतो, त्याची चावी संस्थाचालकाच्या खिशात असते.

२३ सप्टेंबर २०२४ ला तो आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीनं मेला. पेढे वाटले गेले. आपल्यातल्याही काहींनी वाटले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालानं पाच पोलिसांवर ठपका ठेवला. दोस्तहो, गोळी न्याय करत नाही. गोळी खटला बंद करते. खटला चालला असता तर कुणी काय दडपलं ते उघड्या कोर्टात आलं असतं.

त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं दुसरी एक गोष्ट सांगितली, तिचे मात्र कुणी पेढे वाटले नाहीत. मुलांच्या लैंगिक शोषणाचं चित्र पुढं पाठवायच्या इराद्यानं जवळ ठेवणं, ते न पुसणं, न कळवणं, हासुद्धा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून ॲपनं बनवलेलं, बदललेलं चित्रही त्यात येतं. म्हणजे तो ग्रुप, ते फॉरवर्ड, ते हसण्याचे चेहरे, यात गंमत काही नाही.

याच कायद्यानं गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकावरही. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडपला तर एक वर्षापर्यंत. तेव्हा 'गवगवा करू नका' हा सल्ला नाही, गुन्ह्याची तयारी आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. बोचेल, पण बोललं पाहिजे.

त्या बापानं घरी येऊन पहिलं काय केलं? पोरीचा मोबाइल आपटून फोडला. आई स्थळं बघायला लागली. आपल्यातल्या गरम डोक्याच्या दोस्तांनी विचारलं, "त्या दोघांना धरून ठोकायचं का?" आणि तोच फोटो आपल्याही दोन पोरांच्या मोबाइलात सापडला. स्टेटसला बाबासाहेब, गॅलरीत ती पोर! हे ढोंग आधी जाळा.

मोबाइल काढून घेणं ही सुरक्षा नव्हे, कैद आहे. ज्या पोरीला 'सांगितलं तर मोबाइल जाईल, शाळा जाईल' हे ठाऊक असतं, ती गप्प बसते. ब्लॅकमेल करणारा तिच्या या गप्प बसण्यावरच जगतो. आणि त्या दोन पोरांना ठोकायचंही नाही. ती चौदा-पंधरा वर्षांची आहेत. त्यांचं काय ते बाल न्याय मंडळ बघेल. आपला जाब त्यांना ती ओळ शिकवणाऱ्या घराला आहे आणि दडपणाऱ्या शाळेला आहे.

तेव्हा कामाचं बोलू. असं घडलं की बापाबरोबर दोघांनी ठाण्यात जा, त्यातली एक बाई असू द्या. पुरावा म्हणून फोटो फॉरवर्ड करू नका. ग्रुपचं नाव, नंबर, वेळ लिहून ठेवा, मोबाइल पोलिसांना दाखवा. पोरीचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, वर्दीशिवाय घ्यायचा असतो. ठाण्यात खोळंबवू देऊ नका. जातीवरून लिहिलंय तर तक्रारीत तो मजकूर स्पष्ट येऊ द्या आणि १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं मागा. १०९८ आणि १९३० हे दोन नंबर वस्तीच्या नळावर, बुद्धविहाराच्या भिंतीवर रंगवा. आणि मोर्चा काढलात तर फ्लेक्सवर पोरीचं नाव, फोटो नको. तिची ओळख आपणही उघडी करायची नाही.

मार्च २०२२ च्या शासननिर्णयानं प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती हवी. आपापल्या शाळेत जा आणि विचारा, समितीत कोण आहे? शेवटची बैठक कधी झाली? तक्रारपेटी कोण उघडतो? सावित्रीचं नाव पाटीवर आणि सावित्रीची लेक गेटाबाहेर, हे चालू द्यायचं नाही.

त्या पोरीचा दाखला अजून काढलेला नाही. ती सोमवारी शाळेत जाणार आहे, त्याच वर्गात, त्याच बाकावर. आपण गेटावर असू.

तुम्हीही या. जयभीम!