किताब काशीचा, मैदान बंगालचं. चाहत्यांना काय मिळालं?

पणजी : वाराणसीचा ‘इंटर काशी’ क्लब २०२३ मध्ये निघाला आणि बोली लावून थेट आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या दुसऱ्या श्रेणीत उतरला. दोनच वर्षांत विजेताही ठरला. पण हा किताब मैदानात नव्हे, कागदावर ठरला.

२०२४-२५ च्या हंगामाअखेर गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांसह पहिला, काशी ३९ वर. नामधारी संघाने अपात्र खेळाडू खेळवल्याची काशीची तक्रार होती. एप्रिलमध्ये महासंघाच्या अपील समितीचा कौल काशीच्या विरोधात गेला आणि चर्चिल विजेता जाहीर झाला. जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने किताब काशीला दिला. गोवेकरांचा आनंद तीन महिन्यांत ओसरला.

काशीकरांचं दुखणं वेगळंच. त्यांच्या संघाचे ‘घरचे’ सामने झाले पश्चिम बंगालमधल्या कल्याणीत, सहाशे किलोमीटरहून लांब. घसा ताणून ओरडायला आपल्या गावात मैदानच नाही, तर चाहत्यांनी मोबाईलसमोर टाळ्या वाजवायच्या का?

चर्चिलकडे आधीचे दोन किताब आहेत आणि बापाचा हात धरून मैदानावर आलेली पोरं आहेत. नव्या क्लबला लीगमधली जागा पैशाने मिळते. चाहता मात्र घरच्या मैदानावरच घडतो.