सातारा-सांगलीची दुकानं ज्या आकड्यामुळे दुपारी ४ ला बंद व्हायची, तो आकडा किती भरवशाचा होता?

२ ऑगस्ट २०२१ ला राज्य सरकारनं बऱ्याच जिल्ह्यांतले कोरोनाचे निर्बंध सैल केले. ११ जिल्ह्यांना मात्र सूट मिळाली नाही. त्यात सातारा आणि सांगलीही होते. तिथे तिसऱ्या स्तराचे नियम कायम राहिले. म्हणजे दुकानं दुपारी ४ पर्यंतच उघडी आणि अत्यावश्यक नसलेली दुकानं शनिवार-रविवारी पूर्ण बंद. कृष्णेचा पूर नुकताच ओसरत होता आणि व्यापारी आधीच मेटाकुटीला आले होते.

कारण सांगितलं गेलं ते पॉझिटिव्हिटी रेटचं. पण हा आकडा जिल्ह्यात साथ किती पसरली आहे हे खरंच सांगतो का? आणि सांगत नसेल, तर त्यातली चूक दुरुस्त करता येते का?

पॉझिटिव्हिटी रेटवर काय काय ठरत होतं?

जून २०२१ मध्ये राज्यानं पाच स्तरांची पद्धत आणली. पॉझिटिव्हिटी रेट ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले असतील, तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं सुरू. रेट ५ ते १० टक्के असेल तर तिसरा स्तर, १० ते २० टक्के असेल तर चौथा आणि २० च्या वर गेला तर पाचवा.

हा रेट काढायचा कसा? १०० चाचण्यांमागे किती पॉझिटिव्ह आल्या, ते बघायचं. हिशोब सोपा आहे. खरी अडचण त्या १०० चाचण्या कोणाच्या, ही आहे.

दोन तालुके आहेत असं समजू. दोन्हीकडे साथ अगदी सारखी पसरली आहे. पहिल्या तालुक्यात फक्त ताप-खोकला असलेल्या २०० जणांची चाचणी झाली आणि ३० पॉझिटिव्ह आले. रेट १५ टक्के, म्हणजे चौथा स्तर. दुसऱ्या तालुक्यात बाजारपेठेतले दुकानदार, भाजीवाले असे धरून १,००० जण तपासले आणि ६० सापडले. रेट ६ टक्के, म्हणजे तिसरा स्तर. साथ तितकीच असूनही निर्बंध वेगळे लागले.

संख्याशास्त्रात याला 'सिलेक्शन बायस' म्हणतात. तपासायला घेतलेली माणसंच एका बाजूला झुकलेली असली की उत्तरही तिकडेच झुकतं. चाचण्या दुप्पट केल्या तरी हा झुकाव जात नाही. त्याच प्रकारची माणसं दुप्पट तपासली, तर तीच चूक जास्त आत्मविश्वासानं होते.

मग फक्त आरटी-पीसीआर मोजून प्रश्न सुटला का?

रॅपिड अँटीजेन चाचणीत बरेच बाधित सुटतात. त्यामुळे अशा चाचण्या भरमसाट केल्या की रेट आपोआप खाली येतो. २५ जून २०२१ च्या आदेशात सरकारनं यावर उपाय केला. स्तर ठरवताना फक्त आरटी-पीसीआर चाचण्या धराव्यात, असं सांगितलं.

एक पळवाट बंद झाली, पण दुसरा झुकाव आला. लक्षणं असूनही अँटीजेन निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा, असा आयसीएमआरचा सल्ला होता. म्हणजे आरटी-पीसीआरच्या रांगेत लक्षणं असलेली माणसं जास्त येणार हे ठरलेलंच होतं. पुरात रस्ते बंद असताना चाचणी केंद्रापर्यंत कोण पोहोचेल, हा आणखी वेगळा प्रश्न.

सांगलीत याआधी वेगळ्या पद्धतीनं मोजणी झाली होती

मार्च २०२० मध्ये इस्लामपूर राज्याच्या बातम्यांत आलं. परदेशातून परतलेल्यांना लागण झाल्याचं कळलं आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांची तपासणी झाली. साथ रोखायला ते गरजेचंच होतं. पण संपर्कातले लोक तपासून संपूर्ण जिल्ह्याचं चित्र मिळत नाही.

ते मिळवायला मे-जून २०२० मध्ये आयसीएमआरनं देशातल्या ७० जिल्ह्यांत सिरो सर्वेक्षण केलं. महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यात होते: बीड, परभणी, नांदेड, अहमदनगर, जळगाव आणि सांगली. प्रत्येक जिल्ह्यात गावं आणि वॉर्ड मिळून १० ठिकाणं निवडली. तिथल्या घरांतून एकेक प्रौढ व्यक्ती घेऊन साधारण ४०० जणांचं रक्त तपासलं. कोणाला लक्षणं आहेत, कोण स्वतःहून येतंय, याचा निवडीशी संबंध नव्हता.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात ढवळलेला असेल तरच. यादृच्छिक, म्हणजे रँडम निवड हे ढवळण्याचं काम करते.

सांगलीत ४०० पैकी ५ जणांत अँटीबॉडी सापडल्या, म्हणजे १.२५ टक्के. सहाही जिल्ह्यांत मिळून २,३८५ पैकी २७ जण होते.

हे ५ तरी खरे कशावरून?

सर्वेक्षणात वापरलेलं 'कोविड कवच' किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं तयार केलं होतं. सुरुवातीच्या तपासणीत त्याची अचूकता अशी दिसली: अँटीबॉडी असलेल्या १०० पैकी सुमारे ९२ जणांना ते ओळखतं आणि नसलेल्या १०० पैकी सुमारे ९८ जणांना बरोबर निगेटिव्ह दाखवतं.

ऐकायला उत्तम. पण ४०० पैकी एकालाही लागण झालेली नसती, तरी या हिशोबानं ८ जण चुकून पॉझिटिव्ह दिसले असते. सांगलीत तर एकूण आकडाच ५ होता. आजार विरळ असतो तेव्हा चांगल्या चाचणीचीही छोटी चूक खऱ्या रुग्णांपेक्षा मोठी ठरू शकते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, पॉझिटिव्ह आलेले नमुने दुसऱ्या कंपनीच्या किटनं पुन्हा तपासणं. आयसीएमआरनं ते केलं. दुसरा, किटची चूक हिशोबात धरून अंतिम टक्का दुरुस्त करणं. त्याचं सूत्र रोगन आणि ग्लॅडन यांनी १९७८ मध्ये मांडलं.

तिसरी दुरुस्ती 'वजन' देण्याची. आठ प्रौढांच्या घरातून एकच जण घेतला, तर त्या घरातल्या प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता एकट्या राहणाऱ्या माणसापेक्षा कमी असते. लहान-मोठ्या जिल्ह्यांचंही तसंच. म्हणून कमी शक्यता असलेल्यांच्या उत्तराला जास्त वजन द्यायचं. हे सगळं करून देशाचा आकडा ०.७३ टक्के निघाला आणि सोबत मर्यादाही दिली गेली: ०.३४ ते १.१३. सांगलीचे १.२५ टक्के हा दुरुस्तीआधीचा कच्चा आकडा आहे, त्यामुळे त्याची ०.७३ शी थेट तुलना करू नये.

साध्या हिशोबानंही '४०० पैकी ५' याचा अर्थ हजारी ४ ते २९ यांपैकी काहीही असू शकतो. रँडम निवडीनं झुकाव जातो, पण ४०० माणसांमुळे येणारी ही अनिश्चितता उरतेच.

रँडम सर्वेक्षणालाही मर्यादा आहेत

जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत देशात ६७.६ टक्के, तर महाराष्ट्रात ५८ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या, अशा बातम्या आल्या. पण हा 'महाराष्ट्र' म्हणजे तेच सहा जिल्हे. त्यात सातारा नाही, मुंबई नाही, पुणेही नाही. राज्यांनी आपापली सर्वेक्षणं करावीत, असं केंद्रानं तेव्हाच सुचवलं होतं.

घरी न सापडणाऱ्यांचा प्रश्नही आहे. माण-खटावचे अनेक जण मुंबईत कामाला असतात आणि खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर देशभर. उंबऱ्याशी जाऊन मोजलं की हे लोक सुटतात आणि वयस्कर मंडळी जास्त सापडतात. म्हणून दोन जिल्ह्यांची तुलना करताना वयोगटांचं प्रमाण सारखं करून घ्यावं लागतं. त्यासाठी लोकसंख्येचा जो पाया लागतो, तो अजूनही २०११ च्या जनगणनेचा आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

हॉस्पिटलमधल्या अभ्यासांचं वेगळंच. मिरज हे हॉस्पिटलांचं गाव. तिथे कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, विजापूरकडूनही रुग्ण येतात. तिथल्या रुग्णांत मधुमेही जास्त दिसले, तर त्यावरून सांगली जिल्ह्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. मधुमेहींना भरती करण्याची शक्यताच जास्त असते. हा 'बर्कसन बायस'. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी तो १९४६ मध्ये दाखवून दिला.

मग निर्बंध चुकीचे होते का?

फक्त पॉझिटिव्हिटी रेटवरून हे सांगता येत नाही, आणि अडचण नेमकी हीच आहे. सातारा-सांगलीत साथ खरोखर रेंगाळलेली असू शकते किंवा चाचणीला येणारी माणसं वेगळी असू शकतात. ऑक्सिजन बेडचा निकष त्या मानानं भक्कम, कारण श्वास कोंडलेला माणूस चाचणीच्या धोरणावर अवलंबून नसतो.

ब्रिटननं एप्रिल २०२० पासून रँडम निवडलेल्या घरांत नियमित चाचण्या सुरू ठेवल्या. त्यामुळे साथ वाढतेय की चाचण्या वाढतायत, हे त्यांना वेगळं करता आलं. जिल्ह्याजिल्ह्यात दर आठवड्याला काहीशे रँडम चाचण्या, हा खर्च बाजारपेठ आठवडाभर अर्धवेळ बंद ठेवण्यापेक्षा खूप कमी आहे.

उद्या डेंग्यूचा किंवा आणखी कशाचा टक्का जाहीर झाला, तर जिल्हा प्रशासनाला चार प्रश्न विचारता येतील. तपासलेली माणसं कशी निवडली? कोण सुटलं? चाचणी कितीदा चुकते? आणि आकड्याच्या खालच्या-वरच्या मर्यादा किती? दुकानाचं शटर या आकड्यावर खाली येणार असेल, तर दुकानदाराला ही उत्तरं आदेशासोबतच मिळायला हवीत.