औषधाला दाद न देणाऱ्या पेशी

कर्करोगावर आरंभी गुणकारी ठरलेले औषध पुढे निष्प्रभ का होते? 1976 साली हॅमस्टरच्या पेशींच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन आढळले. तळघरात शिरलेले पाणी पंप उपसतो, तसे ते पेशीत शिरलेले औषध बाहेर फेकते. ज्या कर्करोगपेशींत त्याचे जनुक अधिक क्रियाशील, त्या तगतात आणि त्यांचीच प्रजा वाढते.

पवईच्या आय.आय.टी.ने टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने विकसित केलेल्या, 2023 साली मान्यता मिळालेल्या रक्तकर्करोगावरील उपचारात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी कर्करोगपेशींवरील विशिष्ट खूण ओळखून हल्ला करतात. तेथे उपसायला औषधच नसते; पण खूण गमावलेल्या पेशी निसटू शकतात!

नैसर्गिक निवड ती हीच. मग विद्यार्थीमित्रांनो, उत्क्रांतीचा धडा केवळ गुणांसाठी पाठ करून कसे चालेल? उद्याचे उपचार तो समजलेल्यांनाच शोधायचे आहेत.