गाडीचं वय नको, तब्येत तपासा

अब्बांची २००५ची पेट्रोल कार यंदा पुन्हा नोंदणीला न्यायची होती. अल्टरनेटर गेला होता, मागचा ब्रेक गळत होता. मॉडेल केव्हाच बंद झालेलं. आमचे मामू तीस वर्षं गॅरेज चालवतात. अल्टरनेटर त्यांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मागवला, उघडून दुरुस्त केला आणि बसवला. ब्रेकचा सिलिंडरही तिथे मिळत होता, पण तो त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "अल्टरनेटर गेला तर गाडी थांबेल. ब्रेक गेला तर माणूस जाईल." नव्या सिलिंडरसाठी आठ दिवस थांबलो.

नंतर शुल्क पाहिलं. १५ वर्षांपुढच्या कारच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं. ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ते १०,००० झालं. पर्यावरण कर वेगळा. गाडी भंगारात काढली, तर नव्या गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. पण ज्याला नवी गाडी परवडतच नाही, त्याला त्या सवलतीचा काय उपयोग?

धुराचा प्रश्न खोटा आहे, असं मी म्हणणार नाही. देशभर बीएस-६ लागू झालं २०२०मध्ये. त्याआधीची इंजिनं जास्त धूर सोडतात, आणि तो धूर आधी आपल्याच अरुंद गल्ल्यांत साचतो. गाडी न तपासता पीयूसी घेणारे आपल्यातही आहेत. ही लबाडी आपल्याच लेकरांच्या छातीत जाते, हे आधी कबूल करूया.

पण वय हा धुराचा पुरावा नव्हे. नीट राखलेली वीस वर्षांची कार महिन्याला दोनशे किलोमीटर चालते. हयगय केलेली आठ वर्षांची गाडी रोज शंभर. शुल्क मात्र जन्मतारीख पाहून ठरतं. ब्रेक, धूर, चासी यांची कडक तपासणी करा. नापास झाली तर गाडी खुशाल मोडीत काढा. पास झाली तर वयाचा दंड कशासाठी?

सुट्या भागांचं काय? नोंदणीकृत भंगार केंद्रांत मोडलेल्या गाड्यांचे चांगले भाग तपासून, नोंद ठेवून, पावतीसह विकले जावेत. म्हणजे चोरीच्या मालाचा संशय दुकानदारावर राहणार नाही आणि गिऱ्हाईकही फसणार नाही. केंद्र सरकारने २०२२च्या अखेरीस 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. कंपन्यांकडे दुरुस्तीची माहिती आणि भाग मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, हे मोहल्ल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी, दोस्तांनो. 'पंक्चरवाले' म्हणून आपल्याला हिणवलं जातं, आणि आपणही लाजून बापाच्या गॅरेजचा पत्ता सांगत नाही. मामू आठवी शिकलेत. आवाजावरून ते इंजिनाचा दोष सांगतात, पण त्यांच्या हातात एकही प्रमाणपत्र नाही. अनुभवी कारागिरांचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांमध्ये आहे. तो फॉर्म भरायला त्यांच्या शेजारी आपणच बसायला हवं. आयटीआयला जाणाऱ्या मुलाने स्कॅनर शिकावा आणि मामूंकडून कान शिकावेत.

आमची कार तपासणीत पास झाली. मामूंच्या अर्जाचे कागद मी आता गोळा करतोय.