टेल लाईट बदलला, गाडी 'भारी' दिसू लागली; पण मागून येणाऱ्या ट्रकला ती नीट दिसते का?

कळमनुरीतून राष्ट्रीय महामार्ग 161 जातो. अकोला, वाशिम, हिंगोलीकडून निघालेली वाहनं याच रस्त्यानं आखाडा बाळापूर, वारंगा फाटा करत नांदेडकडे जातात. मालट्रक, एसटी, उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बाजार उरकून गावाकडे परतणाऱ्या दुचाक्या, सगळे एकाच रस्त्यावर असतात.

अंधार पडला की मागून येणाऱ्या ट्रकचालकाला दुचाकीवरची माणसं दिसत नाहीत. त्याला दिसतो फक्त एक लाल ठिपका, म्हणजे गाडीचा टेल लाईट. पुढे दुचाकी आहे, ती किती लांब आहे, ती थांबतेय की वळतेय, हे सगळं त्याला त्या ठिपक्यावरूनच ओळखायचं असतं.

हाच ठिपका बदलण्याची हौस सध्या तालुक्याच्या गॅरेजपर्यंत पोहोचली आहे. ऑनलाईन मागवलेला 'इंटिग्रेटेड एलईडी टेल लाईट' अर्ध्या तासात बसतो आणि गाडीचा मागचा भाग स्पोर्ट्स बाईकसारखा दिसू लागतो. पण हा बदल कायद्यात बसतो का? आणि त्यानं गाडी जास्त सुरक्षित होते की कमी?

इंटिग्रेटेड टेल लाईट म्हणजे नेमकं काय?

साध्या मोटारसायकलला मागे तीन वेगळे दिवे असतात. मधोमध लाल टेल लाईट असतो, त्यातच ब्रेक लाईट लागतो. डाव्या आणि उजव्या बाजूला दांडीवर बाहेर आलेले दोन पिवळे इंडिकेटर असतात.

इंटिग्रेटेड दिव्यात हे तिन्ही एकाच काचेखाली येतात. बाहेर आलेले इंडिकेटर काढून टाकले जातात आणि त्याच दिव्याच्या दोन कडा पिवळ्या लुकलुकू लागतात. सोबत अनेकदा मागचं लांब मडगार्डही काढलं जातं आणि नंबर प्लेट सीटखाली सरकवली जाते. यालाच बाजारात 'टेल टायडी' म्हणतात.

एलईडी दिवा वाईट असतो का?

अजिबात नाही. कंपन्या स्वतःच एलईडी देतात. पुण्याच्या बजाज ऑटोनं पल्सरला 2006 च्या सुमारास दोन उभ्या पट्ट्यांचा एलईडी टेल लाईट दिला आणि अंधारात लांबूनही ती गाडी ओळखू येऊ लागली.

एलईडीचा खरा फायदा वेगाचा आहे. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. एलईडी जवळपास त्याच क्षणी पेटतो. मागचं वाहन ताशी 80 किलोमीटर वेगानं येत असेल तर ते सेकंदाला 22 मीटर पुढे सरकतं. म्हणजे एलईडी ब्रेक लाईटमुळे मागच्या चालकाला चार मीटरहून जास्त अंतर आधीच इशारा मिळतो. शिवाय साधा बल्ब ब्रेकला 21 वॅट वीज खातो, एलईडी त्याच्या कितीतरी कमी.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण इंडिकेटरच्या जागेची. दिवसा वळणारी गाडी आपण तिच्या हालचालीवरून ओळखतो. रात्री मात्र लाल दिव्याच्या कोणत्या बाजूला पिवळा दिवा लुकलुकतोय, एवढाच अंदाज हाती असतो. हे दोन दिवे जितके जवळ, तितकी बाजू ओळखणं अवघड. म्हणूनच मोटारसायकलच्या दिव्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 53 क्रमांकाच्या नियमात मागच्या दोन इंडिकेटरमध्ये किमान 180 मिलिमीटर अंतर सांगितलं आहे. वीतभराहूनही अरुंद असलेल्या इंटिग्रेटेड दिव्यात एवढं अंतर येणार कुठून?

त्यात ब्रेक दाबून वळताना काय होतं ते पाहा. मधला लाल भाग पूर्ण तेजानं पेटतो आणि त्याला चिकटून असलेला पिवळा भाग त्या उजेडात हरवतो. वळणाऱ्या गाडीचा चालक बहुतेक वेळा ब्रेक दाबूनच वळतो. म्हणजे इशाऱ्याची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच तो पुसट होतो.

दुसरी अडचण काळ्या काचेची. 'स्मोक' काच दिसायला छान, पण ती उजेड अडवते. नियमानुसार दिसायला हवा असलेला 155 मीटरवरचा दिवा, ताशी 80 च्या वेगानं येणाऱ्या ट्रकचालकाला, समोरची गाडी थांबलेली असली तरी, सुमारे सात सेकंद देतो. तोच दिवा 50 मीटरवर दिसू लागला तर हाती सव्वादोन सेकंद उरतात. भरलेला ट्रक तेवढ्यात थांबत नाही.

तिसरी अडचण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कंपनीच्या टेल लाईटमध्ये किंवा मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर असतो. बॅटरी उतरली, वायर तुटली किंवा गाडी बंद करून रस्त्याकडेला लावली, तरी मागच्या वाहनाच्या उजेडात तो चमकतो. मडगार्ड काढलं की तोही जातो.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 जणांचा मृत्यू झाला. त्यातले 74 हजार 897 जण, म्हणजे साडेचव्वेचाळीस टक्के, दुचाकीवर होते. अपघातांच्या प्रकारांमध्ये 'मागून धडक' सर्वांत वर होती. दर पाच अपघातांमागे साधारण एक अपघात असा होता.

यातले किती अपघात दिव्यांमुळे झाले, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. पण दुचाकीच्या मागच्या बाजूला तिचा टेल लाईट हाच पहिला इशारा असतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 मधल्या कलम 52 नुसार, कंपनीनं मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानंही केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका कायम ठेवली.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो. आरसी बुकात इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, रंग असे तपशील असतात. टेल लाईटचा उल्लेख त्यात नसतो. मग तो बदलला तर बिघडलं कुठे?

याचं उत्तर केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये सापडतं. आरसीत असो वा नसो, रस्त्यावर असलेल्या प्रत्येक गाडीच्या दिव्यांनी या अटी पाळायलाच हव्यात:

- मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे.
- मागच्या नंबर प्लेटवर पांढरा उजेड पडला पाहिजे आणि नंबर 15 मीटरवरून वाचता आला पाहिजे.
- इंडिकेटर पिवळ्या रंगाचे हवेत आणि मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकले पाहिजेत.
- मागे लाल रिफ्लेक्टर हवा.
- इंडिकेटर, नंबर प्लेटचा दिवा असे ठरावीक अपवाद सोडले तर मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा रंग चालत नाही. निळे, जांभळे, रंग बदलणारे दिवे म्हणूनच बेकायदेशीर ठरतात.

थोडक्यात, एलईडीला बंदी नाही. या अटी न पाळणाऱ्या दिव्याला आहे. कंपनीची गाडी बाजारात येण्याआधी तिच्या दिव्यांची पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेत चाचणी होते. ऑनलाईन मिळणाऱ्या अनेक दिव्यांवर अशा मंजुरीची खूणच नसते.

दंड किती आणि कुणाला?

2019 च्या दुरुस्तीनं कायद्यातलं कलम 182अ नव्यानं लिहिलं गेलं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्यक्ष चलानवर येणारी रक्कम राज्य सरकारनं ठरवलेल्या तडजोड शुल्कानुसार असते, त्यामुळे ती वेगळी असू शकते.

याच कलमात विक्रेत्यांसाठीही तरतूद आहे. सरकारनं 'सुरक्षेसाठी अत्यावश्यक' म्हणून जाहीर केलेला सुटा भाग निकृष्ट असेल आणि तो विकला, तर प्रत्येक भागामागे 1 लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण वस्तू दुसऱ्या राज्यातून कुरिअरनं येते, खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव धड नसतं, आणि रस्त्यावर थांबवला जातो तो गाडी चालवणारा. त्यामुळे भुर्दंड शेवटी गावातल्या तरुणाच्या खिशाला बसतो.

नंबर प्लेटचा नवा पेच

राज्यात 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवण्याची मोहीम राबवली गेली. तिची मुदत अनेकदा वाढवावी लागली. हिंगोली जिल्ह्यातल्या 'एमएच 38' गाड्याही त्यात आल्या.

ही प्लेट एकदाच लागणाऱ्या लॉकनं बसवतात. टेल टायडीसाठी ती सरकवायची तर लॉक तोडावं लागतं. शिवाय सीटखाली तिरपी बसवलेली प्लेट कॅमेऱ्याला आणि माणसाला नीट वाचता येत नाही. म्हणजे दिवा बदलण्याच्या नादात दुसरा गुन्हा आपसूक घडतो.

वायरिंगमध्ये काय होतं?

इंटिग्रेटेड दिव्याला साधारण पाच वायरी असतात: अर्थिंग, टेल, ब्रेक, डावा आणि उजवा इंडिकेटर. जुन्या दिव्याचं सॉकेट जुळलं नाही की वायरी सोलून, पिळून त्यावर टेप गुंडाळली जाते. पावसाळ्यात मागच्या चाकाचं पाणी नेमकं तिथेच उडतं. मडगार्ड काढलेलं असेल तर आणखी जास्त. सांध्यात गंज धरतो, आणि एखाद्या रात्री ब्रेक लाईट लागणं बंद होतं. गाडी चालवणाऱ्याला ते कळतही नाही, कारण दिवा त्याच्या पाठीमागे असतो.

दुसरी गोष्ट फ्लॅशरची. जुना फ्लॅशर 10 वॅटच्या बल्बांसाठी बनवलेला असतो. एलईडीचा भार फारच कमी. त्यामुळे इंडिकेटर एकतर भराभर लुकलुकतो किंवा लुकलुकतच नाही. यावर एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवणं हा सरळ उपाय. रेझिस्टर लावूनही काम भागतं, पण तो तापतो आणि प्लास्टिकला टेकला तर ते वितळू शकतं.

वायरिंगला हात लावल्यावर कंपनी विजेच्या भागांची वॉरंटी नाकारू शकते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल नुकसानभरपाईच्या वेळी वादाचं कारण ठरू शकतो.

आधीच बसवला असेल तर काय तपासावं?

यासाठी गॅरेजची गरज नाही. रात्री मोकळ्या जागी गाडी लावा आणि एका मित्राला सीटवर बसवा.

- 155 मीटर म्हणजे साधारण 200 पावलं. तेवढं मागे जाऊन पाहा. लाल दिवा स्पष्ट दिसतो का?
- मित्राला ब्रेक दाबायला सांगा. साध्या दिव्यात आणि ब्रेकमध्ये फरक लगेच कळतो का? ब्रेक लाईट स्थिर आहे की उगाच लुकलुकतोय?
- ब्रेक दाबून ठेवून इंडिकेटर लावायला सांगा. डावा की उजवा, हे न विचारता ओळखता येतं का?
- घड्याळ लावून लुकलुकणं मोजा. 15 सेकंदांत 15 ते 30 वेळा, यात ते बसतं का?
- 15 मीटरवरून नंबर वाचता येतो का?
- गाडी बंद करून मागून टॉर्च मारा. लाल रिफ्लेक्टर चमकतो का?

एकाही प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर दुरुस्ती लगेच करून घेतलेली बरी. बहुतेक वेळा ती स्वस्तातच होते. कंपनीचे बाहेरचे इंडिकेटर परत बसवायचे आणि नवा दिवा फक्त टेल आणि ब्रेकसाठी वापरायचा, वेगळा रिफ्लेक्टर लावायचा, नंबर प्लेटवर छोटा पांढरा दिवा द्यायचा. अर्थात मंजुरीची खूण नसलेल्या दिव्याबाबत कायद्याचा प्रश्न एवढ्यानं पूर्ण सुटत नाही. कंपनीचा मूळ दिवा भंगारात न देता जपून ठेवलेला असेल, तर तो परत बसवणं हा सगळ्यात सोपा मार्ग.

दिवा कसा दिसतो, हे गाडी उभी असताना पाहिलं जातं. त्याचा उपयोग मात्र वारंगा फाट्याच्या अलीकडे, रात्री, ट्रॅक्टरच्या मागे ब्रेक दाबताना होतो. तेव्हा तो पाहणारा मित्र नसतो, तर मागून येणारा अनोळखी ट्रकचालक असतो.